चंदनाचा भारा

चंदनाची लाकडे पाठीवर वाहणाऱ्या गाढवास ओझे तेवढे कळते, चंदन कळत नाही, असा एक दृष्टान्त सुश्रुतसंहितेत आहे. शास्त्रे पुष्कळ पढूनही ज्यास अर्थ उमगत नाही, अशा विद्यार्थ्यास उद्देशून तो दिलेला आहे. चौतीस वर्षांच्या मास्तरकीत हा दृष्टान्त आम्ही किती वर्गांस सांगितला असेल याची गणती नाही. आणि दर वेळी तो सांगताना आमची दृष्टी शेवटच्या बाकाकडे वळत असे. तो स्वतःकडेही वळविता येतो, हे आम्हांस वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, एका मनोरंजन-उद्यानातील बाकावर, भोवती सहा पिशव्या आणि मांडीवर सव्वा वर्षाची नात अशा स्थितीत कळले. ती हकीकत येथे सांगण्याचे योजिले आहे. तीत आमची शोभा फारशी नाही. परंतु ज्या घरांत लहान मुले आहेत, त्यांस तिचा उपयोग व्हावा.

आमच्या लहानपणी असली उद्याने नव्हती. पालघर-बोईसरकडील मुलांचे उद्यान म्हणजे चैत्री पौर्णिमेच्या सुमारास भरणारी विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा, नाही तर केळव्यास शीतलादेवीचे दर्शन आणि मग सुरूच्या बनातून समुद्रावर जाणे. त्या दिवशी आमची आई एक गाठोडे बांधी. दशम्या, गूळपापडी, फिरकीचा तांब्या, जुन्या लुगड्याची दुपटी आणि बाळगुटीची पुरचुंडी एवढा त्यात ऐवज. गाठोडे तीच बांधी, तीच उचली, आणि काळोखातही हवी ती वस्तू तिच्या हातास लागे. वडील छत्री घेऊन पुढे चालत.

पुढे काळ पालटला. १९५५ साली अमेरिकेत डिस्नेलँड उघडले. आपल्याकडे १९८४ साली दिल्लीस अप्पू घर, १९८९ साली गोराईस एस्सेलवर्ल्ड आणि २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका निघाले. मुंबई-अहमदाबाद महामार्गानेही आता आमच्या घरापासून तासा-दीड तासात अशा एखाद्या ठिकाणी पोहोचता येते. गेल्या वैशाखात, मुलांच्या सुट्टीत, आम्ही सहकुटुंब तेथे जावयाचे ठरविले.

आमचे घर एकत्र आहे. थोरला मुलगा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस आहे. धाकटा २०१३ साली डहाणूपर्यंत सुरू झालेल्या लोकलने रोज मुंबईस जातो. दोन सुना, थोरल्याची नऊ वर्षांची कन्या व अडीच वर्षांचा बाळ, धाकट्याची सव्वा वर्षाची छकुली, सौभाग्यवती आणि आम्ही, अशी नऊ माणसे. निघण्याच्या आदल्या रात्री धाकटी सून स्वयंपाकघरात पिशव्या भरीत बसली होती. आम्ही बाहेर वर्तमानपत्र वाचीत होतो. ती दाराशी येऊन म्हणाली, "बाबा, दोन मिनिटे आत येता का? कशात काय आहे ते दाखवून ठेवते."

आम्ही चष्माही न काढता उत्तर दिले, "ओझे उचलणे आमच्याकडे. आत काय आहे ते तुम्ही बायकांनी पाहावे."

हे बोलताना आपण मोठे औदार्य दाखविले असाच आमचा समज होता.

उद्यानाच्या दाराशी पिशव्यांची तपासणी झाली. बहुतेक उद्यानांत बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे मोठ्यांच्या पुऱ्या-भाजी गाडीतच राहिली. तान्ह्यांच्या अन्नास मुभा आहे हे थोरल्या सुनेने आधीच दूरध्वनी करून विचारून ठेविले होते, म्हणून छकुलीचे दूध व बाळाची पेज आत आली. सहाही पिशव्या आम्ही खांद्यावर घेतल्या. घरी काट्यावर त्यांचे वजन साडेअकरा किलो भरले होते, आणि हा आकडा आम्ही सकाळपासून तीन जणांस ऐकविला होता.

साडेअकराच्या सुमारास आम्ही दोघी सुनांस म्हणालो, "वर्षभर घरात राबता. जा, त्या घसरगुंडीवर बसून या. मुलांस आम्ही पाहतो." मुलगे त्यांच्याबरोबर गेले. सौभाग्यवती बाळास व मोठ्या नातीस घेऊन उथळ पाण्याच्या तळ्याकडे गेल्या. आम्ही झाडाखालच्या बाकावर छकुलीस घेऊन बसलो. थोड्या वेळाने ती जागी झाली आणि दुधासाठी रडू लागली.

पहिली पिशवी उघडली, तीत दुपटी होती. दुसरीत टोपडी, लंगोट आणि पंचे. तिसरीत एक दुधाची बाटली मिळाली, अर्धी भरलेली. आम्ही ती छकुलीच्या तोंडास लाविली. त्याच पिशवीत भुकटीच्या तीन लहान डब्या व कढत पाण्याचा थर्मास होता. प्रत्येक डबीवर वेळ लिहिलेली होती. आम्ही ती वाचली नाही. हातातील बाटली पहाटे सहास, प्रवासासाठी केलेली होती. तीतले उरलेले दूध दाराशीच ओतून टाकावयाचे होते. तपासणीच्या गडबडीत ते राहून गेले.

तासाभरात पोरीस उलटी झाली. मग दुसरी, मग तिसरी. चेहरा पांढरा पडला, मान खांद्यावर टाकून ती निपचित राहिली. आमचे हातपाय गळाले. सौभाग्यवतींस हाक ऐकू जाईना, मुलांचे दूरध्वनी त्यांच्या कपड्यांबरोबर कुलुपात. आम्ही एकेक पिशवी भुईवर रिकामी करू लागलो आणि मोठ्याने बोललो, "सहा पिशव्या आणल्या, पण कामाची वस्तू एक नाही! ह्या आजकालच्या मुली!"

शेजारच्या बाकावर सातपाटीकडील एक बाई नातवास घेऊन बसली होती. ती उठून जवळ आली. "सर, तुम्ही?" तिचा मुलगा आमच्या वर्गात होता. तिने मुलीस पाहिले, आपल्या सुनेस प्रथमोपचाराच्या खोलीकडे पिटाळले आणि पिशवीतून एक लहान बटवा काढला. त्यात जलसंजीवनीची पुडी, वाटी आणि चमचा एवढेच होते.

"पाणी उकळलेले आहे ना? बाटली एक लिटरची आहे का?"

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आम्हांस ठाऊक नव्हती. बाटलीवरचा आकडा तिनेच वाचला. सीलबंद बाटली होती. सगळी पुडी सगळ्या लिटरभर पाण्यात विरघळविली. "थोड्या पाण्यात सगळी पुडी टाकायची नाही, सर. खारट होते, पोराला बाधते." आम्ही वाटी तोंडास लावू गेलो, तर तिने आमचा हात धरला. "घाई नको. उलटी झाली की दहा मिनिटे थांबायचे. मग चमचा-चमचा."

आयुष्यभर इतरांस शिकविलेला आमचा हात त्या दिवशी विद्यार्थ्यासारखा थांबला.

परिचारिका आली. तिने डोळे, जीभ, पोटावरची कातडी पाहिली. हेच चालू ठेवा, लघवी होते की नाही ते पाहा, आणि संध्याकाळी डॉक्टरांस दाखवा, असे म्हणाली. इतक्यात धाकटी सून ओल्या कपड्यांनी धावत आली. तिने काही विचारले नाही. भुईवरच्या पसाऱ्याकडेही पाहिले नाही. दुसऱ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात हात घातला आणि लाल कापडाचा बटवा काढला. त्यात जलसंजीवनीच्या चार पुड्या, चमचा, तापमापक आणि डॉक्टरांचा क्रमांक होता. बटव्यावर तिच्या वळणदार अक्षरात लिहिले होते: "औषध. आधी हे." तो बटवा सकाळपासून आमच्याच खांद्यावर होता.

सुनेविषयी आम्ही जे बोललो ते तिच्या कानी पडले नव्हते. त्या बाईच्या पडले होते. तिने लाल बटव्याकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि काही न बोलता आपली वाटी धुवावयास नेली.

संध्याकाळी पालघरास डॉक्टरांनी विचारले, "काय प्यायली होती?" सून म्हणाली, "सकाळचे दूध टाकायचे राहिले. चूक माझीच." छकुली तोवर हसू लागली होती. आम्ही पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसलो होतो. बोलण्याची वेळ ती होती, आणि आम्ही बोललो नाही. त्या दिवशीच्या सगळ्या चुकांत हीच आम्हांस आजही अधिक टोचते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी, सगळी माणसे असताना, आम्ही सांगितले की ती बाटली आम्ही पाजली; आणि परक्या बाईसमोर तिच्याविषयी काय बोललो तेही सांगितले. सुनेने कप खाली ठेविला. "बाबा, मी रात्री बोलावले होते," एवढेच म्हणाली. त्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते, अजूनही नाही.

त्यानंतर मात्र आम्ही अभ्यासास बसलो. जलसंजीवनी ही वस्तू लहान, पण तिचा इतिहास मोठा आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून असंख्य जीव वाचविले. साखरेच्या सोबतीने आतडे मीठ व पाणी शोषून घेते, हे त्यामागील तत्त्व. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणानुसार एका लिटरच्या पुडीत ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम असते. कालविलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. गोड पेयांच्या खोक्यांवर 'ओआरएस' ही अक्षरे छापून विक्री होत असे; ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यास मनाई केली. तेव्हा नावावर न जाता पुडीवरील प्रमाण वाचून घ्यावे. मूल पेंगुळले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले, तर चमचा बाजूस ठेवून दवाखाना गाठावा.

इतर गोष्टी सुनेने शिकविल्या. कालविलेले दूध दोन तासांत संपवावे, आणि मुलाने बाटलीस तोंड लाविल्यावर एका तासात. म्हणून भुकटी कोरडी न्यावी व पाणी वेगळे. वैशाखाच्या उन्हात मऊ भातही तासाभराहून अधिक ठेवू नये. केळे मात्र सालीसकट निर्धास्त राहते. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे चार-पाच वर्षांखालील मुलांस देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकतात. नेहमीचा डायपर पाण्यात फुगून जड होतो, म्हणून तलावासाठी वेगळा मिळतो तो न्यावा. पण तोही लघवी अडवीत नाही, हे ध्यानात ठेवून मुलास वेळोवेळी बाहेर काढावे. खिशात घरच्या दूरध्वनीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी, आणि निघताना मुलाचे त्या दिवशीच्या कपड्यांत एक छायाचित्र घ्यावे, गर्दीत मूल चुकले तर "कोणत्या रंगाचा सदरा?" या प्रश्नास घाबरलेल्या माणसास उत्तर सुचत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत केळव्यास गेलो तेव्हा पिशव्या आम्ही भरल्या. सहाच्या तीन झाल्या: खाण्याची, कोरड्या-ओल्या कपड्यांची, आणि औषधाचा लाल बटवा. वजन पाच किलोंवर आले. आदल्या रात्री सुनेने आमची परीक्षा घेतली. तापमापक कोठे? भुकटीची दुसरी डबी किती वाजताची? ओले कपडे कशात? सगळी उत्तरे बरोबर आली. जास्तीचा चमचा कोठे आहे, तेवढे सांगता आले नाही. "नापास नाही, बाबा," ती म्हणाली, "पण फेरपरीक्षा." मुलगे दाराशी उभे राहून हसत होते. त्यांसही आम्ही आत बोलाविले आणि कप्पे दाखविले.

परतताना वाटेत काळोख पडला. गाडीत छकुलीस तहान लागली. सून झोपली होती, तिला उठविले नाही. आम्ही पिशवीत हात घातला. बाटली हातास लागली, आणि तिच्याखाली तो जास्तीचा चमचाही.