२१० वा

परवा एकदाचं बेसमेंट आवरायला घेतलं. (तीन वर्षं "या शनिवारी नक्की" चाललं होतं!) एका खोक्यात धाकट्याचे लहानपणचे आईस स्केट्स निघाले. पाती गंजलेली, लेसची गाठ मात्र अजून तशीच. ते हातात घेऊन बसलो तो बसलोच. आवराआवर राहिली बाजूला.

डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्याला आईस हॉकी टाळता येत नाही. आम्ही इथे आलो तेव्हा हॉकी म्हणजे ध्यानचंद, एवढंच ठाऊक. पण मुलं रिंकवर जायला लागली आणि बघता बघता मीही पक्का रेड विंग्जवाला झालो. माझा लाडका खेळाडू म्हणजे हेन्रिक झेटरबर्ग.

त्याच्या निवडीची गोष्ट मी घरी आलेल्या किती पाहुण्यांना ऐकवली असेल, देव जाणे. एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये संघ पाळीपाळीने तरुण खेळाडूंवर हक्क सांगतात. १९९९ साली असे २७२ जण निवडले गेले. स्वीडनच्या मोडो क्लबमधले सेदीन जुळे भाऊ दुसरे आणि तिसरे. त्यांचं नाव सगळ्यांनाच माहीत होतं. झेटरबर्ग मात्र तिम्रो नावाच्या क्लबकडून तिथल्या दुसऱ्या फळीच्या लीगमध्ये खेळायचा. फॉरवर्ड, पण अंगाने लहानखुरा. त्याचा नंबर लागला सातव्या फेरीत, २१० वा!

त्याला हेरलं रेड विंग्जचे स्वीडनमधले स्काउट होकान आंदेर्सन यांनी. गंमत म्हणजे फिनलंडमधल्या एका स्पर्धेत ते बघायला गेले होते माटियास वाइनहांडल या दुसऱ्याच मुलाला. पण पक सारखा त्या लहानग्या झेटरबर्गकडेच दिसायला लागला आणि त्यांची नजर तिकडे वळली. अठरा वर्षांचं पोर आज कसं खेळतंय यापेक्षा पाच वर्षांनी कसं खेळेल, हे स्काउटला बघायचं असतं. ताकद पुढे कमावता येते. पक कुठे येणार हे आधीच कळणं मात्र कमावणं फार अवघड.

आणि घाईही केली नाही कोणी. झेटरबर्ग आणखी तीन वर्षं तिम्रोतच खेळला. २००२ मध्ये इकडे आला आणि पहिल्याच मोसमात २२ गोल केले. ४ जून २००८ ला पिट्सबर्गमध्ये स्टॅनली कप जिंकून देणारा गोल त्याचाच. त्या रात्री आम्ही चौघं सोफ्यावर अक्षरशः नाचलो होतो. पुढे तो कॅप्टन झाला. २०१८ मध्ये पाठीच्या दुखण्याने खेळ थांबला, तोवर १०८२ सामने खेळून झाले होते.

तर हे सगळं तोंडपाठ असलेला मी.

२००९ साली थोरला तेरा वर्षांचा होता, उंचापुरा. पहाटे साडेपाचला त्याला रिंकवर सोडायचो आणि काचेपलीकडून त्याच्याकडेच बघत बसायचो. धाकटा दहाचा, शेजारच्या रिंकवर छोट्यांच्यात खेळायचा. एकदा त्यांचे कोच मला गाठून म्हणाले, "तुमच्या धाकट्याला पुढच्या वर्षी मोठ्या संघाच्या निवडीला आणा. पक सारखा त्याच्याकडेच असतो." मी म्हणालो, "अहो, अंगाने लहान आहे तो." दोघांची फी झेपण्यासारखी नव्हती, हेही खरंच. घरी येऊन त्याला सांगितलं, यंदा नको, पुढे बघू. तो फक्त "बरं बाबा" म्हणाला. पुन्हा कधी विचारलं नाही त्याने. मीही नाही.

थोरल्याने दहावीत हॉकी सोडली.

धाकटा आता सव्वीसचा आहे. रविवारी रात्री दहाला, ऑफिसवाल्यांच्या हौशी लीगमध्ये खेळतो. हे मला बायकोकडून कळलं! स्केट्स सापडले त्याच आठवड्यात न सांगता गेलो. प्रेक्षक मोजून सहा. पक कोणाकडे आहे ते शोधत होतो, आणि दर वेळी तोच सापडत होता.

बाहेर आल्यावर मला बघून चमकला. "अरे बाबा, तुम्ही? कोणाला बघायला आलात?"

"तुलाच रे," म्हटलं. एवढंच जमलं. बाकीचं बोलायचं आहे अजून.

स्केट्स टाकून दिलेले नाहीत. असो.