लेकीच्या शिक्षणाची पेरणी



दोंडाईचा भागात कामानिमित्त गावोगाव फिरताना एक बोल हमखास कानी पडतो : ‘लेकीला दहावीपुढे शिकवून काय करायचे? मिरची तोडायला माणूस नको का?’ अशा वेळी मी आपल्या खानदेशच्या प्रतिभाताई पाटील यांचे उदाहरण देतो.

१९३४ साली बोदवडजवळच्या नाडगावी त्यांचा जन्म झाला. जळगावला त्या एम.ए. झाल्या, मुंबईत कायदा शिकल्या आणि जळगावच्या कोर्टात वकिली करू लागल्या. १९६२ साली, वयाच्या २७ व्या वर्षी, त्या आमदार झाल्या. लग्न झाले ते १९६५ साली! पुढे एदलाबादने, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरने, त्यांना चार वेळा निवडून दिले. मंत्रिपद, राज्यसभेचे उपसभापतिपद, २००४ साली राजस्थानचे राज्यपालपद. आणि २००७ साली त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या.

प्रत्येक लेक राष्ट्रपती होणार नाही, हे खरे. पण शिकलेली लेक सातबारा वाचील, बँकेचा कागद समजून घेऊन मगच सही करील. मिरचीचा तोडा काही दिवसांनी पुन्हा येतो; शाळेचे गेलेले वर्ष परत येत नाही. येत्या जूनला घरात एवढा विचार जरूर करा.