भाग दुसरा

पुस्तक नेहमी पहिल्या पानापासून वाचावं, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. पण हॉस्टेलवर पुस्तकं अशी रीतसर मिळतात कुठे? पास आऊट झालेल्या सीनियर्स जाताना बादली, मग, कपडे वाळत घालायची दोरी आणि पुस्तकं मागे ठेवून जातात. माझ्या वाट्याला आलेल्या कपाटात ‘अ बाँड अनडन’ नावाचं एक जाडजूड पुस्तक निघालं. चार भागांच्या चिनी कादंबरीचा हा दुसरा भाग. पहिला, तिसरा, चौथा? पत्ता नाही!

आता थोडी माहिती. लेखक जिन योंग. हे टोपणनाव, मूळ नाव लुई चा. जन्म १९२४चा. १९५७ ते १९५९ या काळात हाँगकाँगच्या एका वर्तमानपत्रात त्यांनी ही कादंबरी क्रमशः लिहिली. रोज थोडी थोडी. तिचं इंग्रजी भाषांतर चार भागांत २०१८ ते २०२१ मध्ये आलं आणि पहिला भाग आला त्याच वर्षी लेखक वारले. या प्रकाराला ‘वुशिया’ म्हणतात. वु म्हणजे युद्धकला, शिया म्हणजे अन्यायाविरुद्ध उभा राहणारा वीर. म्हणजे कुंग फू आहे, झाडांच्या शेंड्यांवरून उड्या आहेत, पण मागे खरा इतिहासही आहे. ११२७ साली उत्तरेकडच्या जिन राज्याने सोंग घराण्याची राजधानी घेतली आणि सम्राटाला कैद करून नेलं. ती नामुष्की विसरू नये म्हणून त्या काळाच्या ‘जिंगकांग’ या नावातली दोन अक्षरं दोन मित्रांच्या मुलांना वाटून दिलेली आहेत. एक ग्वो जिंग, दुसरा यांग कांग. ग्वो जिंग आपला हीरो.

हे सगळं मला नंतर कळलं. सुरुवातीला मात्र डोक्यावरून पाणी! कोण कोणाचा गुरू, कोणाचं कोणाशी वैर, काही म्हणजे काही कळेना. जो तो एकमेकांना जुन्या गोष्टींची आठवण करून देतोय आणि आपण आपलं परक्याच्या लग्नात जेवायला बसल्यासारखं इकडेतिकडे बघतोय.

माझी रूम पार्टनर डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली. दहावीपर्यंत मराठी मीडियम. मी कॉन्व्हेंटची, आमच्याकडे मराठी म्हणजे आठवड्यातून मोजके तास आणि गाईड. एका रात्री तिने विचारलं,

“पहिला भाग कुठाय गं?”

“नाहीये.”

“मग कळतं कसं तुला?”

“कळतं हळूहळू.”

“मग बरोबर आहे. मी पण या कॉलेजात भाग दुसऱ्यातच आले की!”

ती हसली, मी पण हसले. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून काही गेलं नाही. ती आली तेव्हा आमचे ग्रुप झालेले होते, प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये कोण कोणाशेजारी उभं राहणार हे ठरलेलं होतं, टोपणनावंसुद्धा ठरलेली होती. वर्गात सर म्हणायचे, “हे तुमचं फर्स्ट इयरला झालेलंच आहे,” आणि पुढचं पान. तिचं कुठे झालं होतं? डिप्लोमाला केलेलं गणित वेगळं, आणि इथे एकदम एम-थ्री. आम्ही गणिताचे दोन पेपर देऊन आलेलो, ती वर्कशॉपमधून आलेली. लेथवर ती उभी राहिली की आम्ही सगळ्या बघत राहायचो. पण लेथवर काही एम-थ्री सुटत नाही. सेकंड इयरचे दोन विषय राहिले. आता आम्ही थर्ड इयरला. हे विषय यंदा नाही सुटले तर तिचं वर्ष जाणार, आणि घरून आताच विचारणा सुरू झालीय, की डिप्लोमावर नोकरी मिळत होती ती का सोडलीस?

तिला गोष्ट ऐकायची होती, इंग्रजी वाचायला वेळ लागत होता. मग मेसचं जेवण झालं की मी अर्धा तास मोठ्याने वाचायचं, तेही मराठीत करून, असं ठरलं. इथे माझी परीक्षा सुरू! ग्वो जिंग जे शिकतो त्यातल्या एका डावाच्या नावाचं मी केलं, ‘गर्विष्ठ ड्रॅगनचा पश्चात्ताप’. ती म्हणाली, “हे काय प्रेस नोटसारखं? माजलेला ड्रॅगन वरमला, असं म्हण!” वरमणे हा शब्द मला कुठल्याच गाईडने शिकवला नव्हता. मी गोष्ट द्यायची, तिने शब्द द्यायचे, असा आमचा व्यवहार चालू राहिला.

पुस्तकातही असाच व्यवहार आहे. होंग नावाचा भिकाऱ्यांच्या टोळीचा म्होरक्या, जबरदस्त योद्धा, पण खाण्याचा भयंकर शौकीन. खाण्याच्या नादात एकदा महत्त्वाचं काम राहिलं म्हणून त्याने स्वतःचं बोट तोडलेलं! चिखलात लिंपून भाजलेल्या कोंबडीच्या वासाने तो येतो. ती भाजणारी लोटस ही ग्वो जिंगची हुशार मैत्रीण. मग तिने रोज नवीन पदार्थ करायचा आणि होंगने ग्वो जिंगला डाव शिकवायचा. (आमच्या मेसच्या भाजीवर कोणी गुरू नमस्कारसुद्धा शिकवणार नाही!)

ग्वो जिंग हुशार नाही. दुसऱ्यांना एकदा बघून येतं ते याला शंभरदा करावं लागतं. झाडावर तोच तो तडाखा, तोच तो तडाखा. आणि त्या वरमलेल्या ड्रॅगनच्या डावाचं मर्म काय, तर मारताना सगळी ताकद घालवायची नाही, जेवढी बाहेर काढली त्याहून जास्त आत शिल्लक ठेवायची. हे ऐकल्यावर रूम पार्टनर म्हणाली, “मी पीएलमध्ये पहिल्या चार दिवसांत सगळी काढते.” त्या सेमला तिने जागरणं कमी केली आणि रोज लाप्लासची पाच गणितं, ना सहा ना चार, असं धरलं.

पुढे एका बेटावर ग्वो जिंगला झोऊ बोतोंग भेटतो. पंधरा वर्षं गुहेत अडकलेला, पोरकट म्हातारा. खेळायला कोणी नाही म्हणून त्याने स्वतःचा डावा हात उजव्याशी लढवायला शिकवलाय. त्याचा पहिला धडा म्हणजे एका हाताने चौकोन आणि दुसऱ्या हाताने वर्तुळ, एकाच वेळी. त्या रात्री आमच्या विंगमधल्या सगळ्या मुली पेन्सिली घेऊन बसल्या. ड्रॉइंगमध्ये पहिली आलेलीचाही चौकोन बटाट्यासारखा! रूम पार्टनर म्हणाली, “मला आधी एका हाताचं जमू दे.”

हाच म्हातारा ग्वो जिंगकडून एक अवघड ग्रंथ पाठ करून घेतो, तो कुठला ग्रंथ आहे हे न सांगता. पुढे लोटसशी लग्नासाठी तीन परीक्षा होतात. शेवटच्या परीक्षेत एक ग्रंथ वाचून म्हणून दाखवायचा असतो. चलाख प्रतिस्पर्धी चुकतो आणि आपला मठ्ठ हीरो सगळं घडाघडा म्हणतो, कारण ग्रंथ नेमका तोच! आम्ही टाळ्या वाजवल्या. पण खरं सांगू? हे मला थोडं सोपं वाटलं. आपल्याला पाठ असलेलाच प्रश्न पेपरात येईल याची खात्री कोण देणार? आणि होंगसारखे गुरूही हॉस्टेलवर येत नाहीत.

म्हणून मला या पुस्तकातला शेवट नाही, मधली पानंच जास्त आवडली. पहिल्या भागात जन्म, बालपण, सूड सगळं सुरू होणार. शेवटच्या भागात सगळं संपणार. मधल्या भागात असतो तो फक्त सराव, आणि आपलं जमतंय की नाही हे त्या वेळी कोणी सांगत नाही. आम्ही थर्ड इयरवाले सगळेच सध्या तिथे आहोत. माझ्या पार्टनरचा निकाल अजून लागायचाय. ती पाच गणितं करतेच आहे.

पूर्वी मासिकांत क्रमशः कथा यायच्या तेव्हा सुरुवातीला ‘मागील अंकावरून पुढे’ असं लिहून आधीचं कथानक थोडक्यात दिलेलं असायचं, असं आई सांगते. किती साधी सोय! नवीन सेमला पुन्हा डिप्लोमाच्या मुली येतील, वर्गात शेवटच्या बाकावर बसतील. मित्रमैत्रिणींनो, त्यांना कोणीतरी एवढं कराल का? शेजारी बसा, फर्स्ट इयरच्या नोट्स द्या आणि आधीचं कथानक थोडक्यात सांगा. त्या बदल्यात त्या लेथ शिकवतील. शब्दही देतील. या लेखातले निम्मे, आणि शुद्धलेखन तर सगळंच, माझ्या रूम पार्टनरचं आहे.