शेवटचा काना

जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समधील एका मराठी घरात आजोबांनी नातीला आवर्जून शिकविलेले वाक्य होते 'रामाला भाला मारा'. उलट वाचले तरी तेच. दाराबाहेर सारा व्यवहार हिंदीचा; अशा विलोमवाक्यांवरच दोघांची मराठी पोसली गेली.

पुढे संगणकशास्त्र शिकताना नातीला दिलेल्या मजकुरातील सर्वांत लांब विलोमपद शोधण्याचा पाठ आला. रीत सोपी. प्रत्येक चिन्ह, तशीच दोन चिन्हांमधील फट, मध्य मानावी आणि जुळणी तुटेपर्यंत दोन्ही बाजूंना सरकावे. (याहून वेगवान रीत ग्लेन मॅनाकर यांनी १९७५ मध्येच मांडली होती, पण येथे अडले ते वेगापाशी नव्हे.) मधल्या जागा गाळून तिने आजोबांचे वाक्य यंत्राला दिले. उत्तर आले, 'रामालाभालामार'. शेवटचा काना गळाला होता.

आजोबांना हा मराठीचा अपमान वाटला. यंत्र मात्र प्रामाणिक होते. त्याच्या लेखी 'रा' हे एक अक्षर नाही. र आणि काना अशी दोन चिन्हे आहेत. र-पासून र-पर्यंत सारे जुळले, उरलेल्या कान्याला जोडीदार मिळाला नाही. 'चिमा काय कामाची' या वाक्यातून तर काना, क, काना एवढेच हाती लागले.

सोळाव्या शतकातील पार्थपूरच्या, म्हणजे आजच्या पाथरीच्या, सूर्य पंडिताला ही अडचण पडली नसती. तो गणिती होता. 'लीलावती'वर त्याने १५४१ मध्ये टीका लिहिली. त्याच्याच 'रामकृष्णविलोमकाव्या'त श्लोकाचा पूर्वार्ध रामाचा. तोच उलट वाचला की उत्तरार्ध कृष्णाचा. उलटते ते अक्षर, स्वरासह आणि जोडाक्षरासह अखंड. अनुस्वार-विसर्गांची सूट तर चित्रकाव्याला परंपरेनेच दिलेली. मम्मटाने चित्रकाव्याला 'अवर' म्हटले, ते रसाच्या दृष्टीने योग्यच. पण भाषेचे एकक कोणते, हे त्या अवर काव्याने काटेकोर जपले.

नातीने मजकुराची आधी अक्षरे पाडून घेतली. रामाचे वाक्य सातही अक्षरांनिशी परत आले. चिमाची मात्र पाचच जुळली, कारण पहिली 'चि' ऱ्हस्व, शेवटची 'ची' दीर्घ.

"आजोबा, इथे सूट द्यायची का?"

आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या वेलांट्या दुरुस्त केलेले आजोबा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "दे."