बिनपगारी रातपाळी

भवानी पेठ, सोलापूर
2 जून

चि. धाकटीस,

तुझा लेक सुखरूप घरी पोचला, बरं वाटलं. जाताना तू बजावलं होतंस, "ताई, किती खातो ते बघ." सुट्टीत महिनाभर बघितलं. दुपारी दीड कडक भाकरी, शेंगाचटणी, दही; खाणं बेताचंच गं. पण रात्री एकला, समोरच्या यंत्रमागांच्या खडखडाटातही, मला डब्याचं झाकण ऐकू यायचं. मोबाइलच्या उजेडात चिवडा. उठायचं अकराला आणि तोंड धुऊन पुन्हा कॉटवर.

मला आपले आप्पा आठवले. गिरणीतल्या रातपाळीच्या आठवड्यात त्यांना अवेळी भूक लागायची, पोट बिघडायचं. गिरणीच्या भोंग्यानं गावाला शिस्त लावली, असं लोक हळवे होऊन सांगतात. आप्पांची झोपही त्याच भोंग्यानं खाल्ली. शरीरातही एक घड्याळ असतं; त्याची गुपितं फळमाशीत उलगडली म्हणून हॉल, रॉसबॅश, यंग या तिघांना 2017 चं नोबेल मिळालं. यकृत, स्वादुपिंड, सगळ्यांच्या पाळ्या ठरलेल्या असतात. दुपारी पचतं तेच रात्री खाल्लं की साखर रक्तात जास्त वेळ रेंगाळते. तुझा मुलगा बिनपगारी रातपाळी करतोय.

"वजन तसं फार नाही" म्हणू नकोस. हातपाय बारीक, पोट तेवढं सुटलंय. पुण्याच्या केईएममधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 साली लॅन्सेटमध्ये लंडनच्या डॉ. युडकिन यांच्याशेजारी स्वतःचा फोटो छापला होता. उंचीच्या मानानं वजन सांगणारा बीएमआय दोघांचा 22.3, चरबी युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. आपला काटा असा फसवतो.

त्याला आळशीही म्हणू नकोस. या वयात झोप आपसूक उशिरा सरकते. वर सकाळची सातची शाळा. 2024 साली राज्य सरकारनं शाळा नऊ किंवा त्यापुढे नेल्या, त्या चौथीपर्यंतच्याच. नववीतल्याला कोण विचारतो?

शेवटचे दहा दिवस त्याला साडेपाचला उठवून सिद्धेश्वर तलावापर्यंत चालत नेलं. (आठनंतर इथलं ऊन तुला माहीतच आहे.) पहिले तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. चौथ्या रात्री दहाच्या आत, वरणभाताचं ताट सारून तिथंच लवंडला. डबा वाजला नाही.

आता रात्री साडेनऊला घरातले सगळे मोबाइल कपाटात ठेव, तुझा सर्वांत आधी. त्याच्या पिशवीत शेंगाचटणी दिलीय, ती दुपारीच वाढ.

तुझी,
ताई