अण्णांची अक्षरं, अडीच मिलिमीटरची



महूच्या रेल्वे कॉलनीतल्या जुन्या लोकांना आमचे अण्णा आठवत असतील. छोट्या लाईनच्या डब्यांवर नाव-नंबर रंगवायचे. सुतळीला खडू लावून रेघ पाडायची आणि पिवळ्या रंगात एका दमात 'प रे' काढायचं, म्हणजे पश्चिम रेल्वे. अक्षरांची वळणं त्यांनी एका वहीत काढून ठेवली होती. ती वही आता माझ्याकडे आहे.

याच लाईनीनं, खंडवा करत, आम्ही अकोल्याला आजोळी जायचो. आता इंदूर-महू मोठी लाईन झाली. पाताळपाणी-कालाकुंडचा तुकडा २०१८पासून हेरिटेज ट्रेनसाठी वापरात आला. मी मात्र घरीच तो जुना लाल डबा बनवला, १:८७ मापाचा. त्या मापात वीतभर अक्षर अडीच मिलिमीटरचं होतं. सत्तरी ओलांडलेल्या हाताला ब्रशनं ते जमणं शक्य नाही.

नातवानं तोड सुचवली : वॉटरस्लाइड डीकल. लहानपणी आपण पाण्यात भिजवून वहीवर चित्रं चिकटवायचो ना, तेच. फक्त कागद विकत आणायचा आणि छापायचं घरच्या इंकजेटवर. वही स्कॅन केली, अक्षरं लहान केली, पारदर्शक कागदावर छापली, पाण्यात सोडली. दोन मिनिटांत वाटीत पिवळं पाणी! इंकजेटची शाई पाण्यात विरघळते. छापून पूर्ण वाळल्यावर क्लिअर लॅकरचे दोन-तीन हलके हात मारावे लागतात, हे नंतर कळलं. लॅकर मारला तो ऐन जुलैत. दमट हवेत तो दुधासारखा पांढरा पडला. दुसरा कागदही गेला.

तिसरी अडचण खरी. पिवळी शाई पारदर्शक असते, लाल डब्यावर दिसतच नाही. मग पांढरा कागद आणला, त्यावर लाल पार्श्वभूमीसकट अक्षर छापलं. पण छापलेला लाल आणि डब्याचा लाल जुळेना. लेजर जुळवण्यात आयुष्य गेलं, पण असा वैताग कधी आला नव्हता. शेवटी एका कागदावर लालच्या बारा छटा छापल्या, लॅकर मारून वाळवल्या आणि उन्हात डब्याशेजारी ठेवून बघितल्या. नववी जुळली. कापलेल्या कडेला पांढरी रेघ दिसत होती, ती बारीक ब्रशनं लाल केली. कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडवलं, बोटानं हलकेच सरकवलं, टिश्यूनं टिपलं. बसलं!

ही सगळी घाई ताईसाठी. ती एक्क्याऐंशीची, अकोल्याला असते. नजर दर वर्षी कमी होत चाललीय. दिवाळीला आली तेव्हा डबा तिच्या हातात दिला. आधी तिनं अक्षरावरून बोट फिरवलं. म्हणाली, "अण्णांचा रंग बोटाला लागायचा रे. हे गुळगुळीत आहे." मग खिडकीशी जाऊन भिंग लावून बराच वेळ बघत बसली.

"प बरोबर आहे. 'रे'ची मात्रा अण्णा आडवी टाकायचे. तू उभी केलीस."

वही काढली. ताई बरोबर होती. स्कॅन सरळ करायच्या नादात मात्रा मीच कॉम्प्युटरवर उभी केली होती.

नवा कागद प्रिंटरमध्ये लावलाय. ताई एकादशीपर्यंत आहे.