जिन्याखालचे पाहुणे

पंचवटीत पुराची उंची कुणी मीटरमध्ये सांगत नाही. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आले, एवढेच विचारतात. त्या श्रावणात पाणी मारुतीच्या कमरेला लागले, आणि घाटावरची एक तांबूस कुत्री आपली पिल्ले एकेक करून तोंडात धरून आमच्या वाड्याच्या जिन्याखाली घेऊन आली. चार पिल्ले. त्यानंतर ती आणखी एकदा गेली आणि रिकामीच परतली.

वाचकहो, मी तेव्हा ६८ वर्षांची होते आणि घरात अर्धांगवायूतून सावरणारे यजमान. एका रुग्णाचे करताना जीव मेटाकुटीस आलेला, त्यात हे लोढणे कशाला, असे आपल्याला वाटेल. मलाही तसेच वाटले होते. परंतु त्या पावसात बाहेर तरी कसे काढायचे?

पशुवैद्यांनी सांगितले, ‘पिल्लांना गाईचे दूध पाजू नका, आईला पोटभर घाला, पिल्लांचे ती पाहील.’ त्यामुळे ऐन श्रावणात आमच्या स्वयंपाकघरात अंडी उकडू लागली. सासूबाई हयात असत्या तर मलाच जिन्याखाली जावे लागले असते! पहिले दोन आठवडे पिल्लांना अंगाची ऊब स्वतः राखता येत नाही, म्हणून कोरडे गोणपाट आणि त्यावर जुने लुगडे. दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला जंताचे औषध. हे जंत माणसालाही बाधतात. तेव्हा पिल्लू हाताळल्यावर साबणाने हात धुण्यात हयगय नको. दात किंवा नख लागलेच, तर जखम १५ मिनिटे साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

ह्यांच्या उजव्या हाताच्या व्यायामासाठी आणलेला रबरी चेंडू चार महिने उशाशी पडून होता. एका संध्याकाळी मी एक पिल्लू मांडीवर ठेवले. ते घसरू लागताच हे उजव्या हाताने सावरायला गेले. चमत्कार वगैरे झाला नाही. तो हात आजही पुरता उघडत नाही. परंतु व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी ते हेरले आणि नेम घालून दिला: मानेपासून शेपटीपर्यंत उजवा हात फिरवायचा, वीस वेळा. ज्या माणसाला चहाचीही इच्छा उरली नव्हती, तो चार वाजले का म्हणून विचारू लागला.

एकदा मात्र वॉकरमध्ये पिल्लू आले आणि हे पडता पडता वाचले. दोष पिल्लाचा नव्हे, माझा. त्या दिवसापासून दाराला गुडघाभर उंचीची फळी लावली. हे खुर्चीत बसल्याखेरीज पिल्ले आत येत नसत.

आठ आठवडे पुरे होईपर्यंत एकही पिल्लू द्यायचे नाही, असे ठरवले होते. आईजवळ आणि भावंडांत ती चावण्याची मर्यादा शिकतात. घ्यायला येणाऱ्यांना मी विचारी, दिवसा घरी कोण असते? दिवाळीच्या फटाक्यांत ते कुठे राहील? तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस कोण टोचून आणणार? एक गृहस्थ साखळी घेऊनच आले होते; त्यांना मी चहा दिला, पिल्लू दिले नाही. एक मखमलाबादेस गेले, एक म्हसरूळला, एक दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत. कुत्र्यांना द्राक्षे आणि मनुका विषासमान असतात, हे ऐकून ते बागाईतदार थक्क झाले.

चौथे ठेवून घ्यावे, असा ह्यांचा हट्ट. कुत्रा बारा-चौदा वर्षे जगतो. ह्यांचे वय ७४. मी हिशेब मोठ्याने केला नाही, पण तो त्यांनाही कळला. हिरावाडीतले एक तरुण जोडपे ते घेऊन गेले. त्यानंतर दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत, आणि तो अबोला मला रास्तच वाटला.

आई मात्र इथेच आहे. तिची नसबंदी झाली, त्याची खूण म्हणून कानाला खाच आहे. हिरावाडीकर रविवारी पिल्लाला भेटीस आणतात. आता ते मांडीवर मावत नाही, खुर्चीशेजारी उभे राहून वीस मोजून घेते.

यंदा आषाढ लागताच, मला न विचारता, ह्यांनी शेजारच्या मुलाकरवी जिन्याखाली कोरडे गोणपाट अंथरून घेतले.